दोन वजनांचं घड्याळ

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून आज कंपनी उघडली आणि उघडल्या उघडल्या बंद होणार असल्याचं कळलं. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना असेंब्ली हॉलमध्ये उभं केलं, चिवड्याची पाकिटं वाटली आणि मग सांगितलं की वागळे इस्टेटमधलं आपलं युनिट गुजरातला जातंय. शेवटचा दिवस १५ नोव्हेंबर. ज्यांना तिकडे यायचंय त्यांनी नाव द्या. नाव कुणी दिलं नाही. चिवडा सगळ्यांनी घेतला.

अकरा वर्षं मी दाब मोजायचे प्रेशर गेज जोडलेत आणि तपासलेत. आत केसाएवढी स्प्रिंग असते, ती चिमट्याने बसवायची, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. हे काम येणाऱ्या बाईला दुसरं काय येतं?

येताना स्टोअरमधून एक कोरं इन्स्पेक्शन रजिस्टर उचलून आणलं. चोरीच ती. त्यातच हे लिहितेय. शेवटचा रकाना ‘शेरा’. आजचा शेरा: लेकीला, सान्वीला, अजून सांगितलेलं नाही.

२८ ऑक्टोबर

प्रणितच्या मित्राच्या ओळखीने भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंग सुपरवायझरची जागा आहे. १५ डिसेंबरपासून. प्रणित बोलला, "हो म्हणून टाक, नंतर बघू." नवरा म्हणून बरोबरच आहे त्याचं. मी भाकऱ्या थापत राहिले.

३० ऑक्टोबर

सान्वीच्या घड्याळाचा सेल संपलेला म्हणून बाजारात गेलेले. जिन्याखाली, इस्त्रीवाल्याच्या शेजारी, एक घड्याळवाले बसतात. दाजी केळुसकर. पंच्याहत्तरीच्या पुढचे, शर्ट कडक इस्त्रीचा. सेल बदलताना त्यांच्या हातून मागचा स्क्रू पडला. तिळाएवढा. ते काही वाकले नाहीत, नुसते बसून राहिले. मीच खाली बसून बोटांनी लादी चाचपली आणि चिमट्याने उचलून जागेवर बसवला, सवयीने.

"हात हलला नाही तुझा," ते म्हणाले. "काय करतेस?"

सांगितलं. गेज म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागलं नाही. कंपनी बंद होतेय तेही सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं.

"रविवारी ये," ते म्हणाले. "दोन तास बस. आवडलं नाही तर चहा पिऊन जा."

२ नोव्हेंबर, रविवार

गेले. एक टेबलावरचं गजराचं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं, दिवा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "उघड. आणि काय दिसतं ते मोठ्याने सांग."

मला वाटलं, मनात बघितलं तरी चालेल. पण नाही. कुठलं चाक, किती दाते, कुठे हिरवट डाग, कुठे तेल सुकलंय, सगळं शब्दांत. मी "ते बाजूचं छोटं" बोलले की ओरडतात. "बाजू म्हणजे कुठली? छोटं म्हणजे किती?" आमच्या इन्स्पेक्शनलाही एवढा कडकपणा नव्हता. शिकवायची पद्धत आहे म्हणे त्यांच्या गुरूंची.

स्वतःला मात्र त्यांना दिवासुद्धा लागत नाही. "मला उजेडाची गरज नाही, सवय आहे," म्हणाले. पन्नास वर्षांचा हात. केवढी ती सवय!

८ नोव्हेंबर, शनिवार

आज खरं घड्याळ आलं.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून जनीमावशी नावाच्या बाई रिक्षा करून आल्या, मांडीवर सतरंजीत गुंडाळलेली पेटी. साठीच्या असतील, आवाज मासळीबाजारातला.

"माज्या आज्याचा घऱ्याल हाय. धाकूआजा गोदीन कामाला व्हता, तवा तिथनं आनलेला. ठान्यान तीन दुकानान फिरले. सगले सांगतान, आतला काडून टाक नि बॅटरीची मशीन बशव. मना बॅटरी नको. मना ह्याच पायजे."

मार्गशीर्ष संपला की, २१ डिसेंबरला, त्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत खानावळ उघडताहेत. आयुष्यभर टोपली घेऊन बसल्या, आता रांधून वाढायचं. घड्याळ गल्ल्याच्या वर टांगायचंय आणि त्याचा ठोका पडला पाहिजे.

पेटी हातभर उंच, चौकट लाटेसारखी गोलवा दिलेली. मी दाजींना सगळं वाचून दाखवलं: तबकडी पांढरी, रोमन आकडे, दोन चावीची भोकं. आत पाठीवर कागद चिकटवलेला, तपकिरी, कडा कुरतडलेल्या. "वाच," ते म्हणाले. मी अक्षर अक्षर लावत वाचलं. चाउनसी जेरोम, न्यू हेवन.

"चॉन्सी," दाजी म्हणाले आणि पेटीच्या कडेवरून हात फिरवत राहिले. "चॉन्सी जेरोम. अमेरिकेतला. पावणेदोनशे वर्षांचं असेल हे. याला कमान, म्हणजे स्प्रिंग, नसते गं. दोन लोखंडी वजनं लटकतात दोन बाजूंना, एक काटे चालवतं, दुसरं ठोका. वजनं बघ."

एकच होतं. दुसरं मावशींच्या भावाने लहानपणी जाळ्याला बांधलं. "खारीन गेला," मावशी म्हणाल्या. म्हणजे खाडीत.

"तो भाऊ?" मी विचारलं.

"त्यो हाय ना. वजन गेला."

खालच्या दाराला साधी काच आहे, मागून पिवळं पडलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर चिकटवलेलं. ते मी दाजींना सांगायचं राहिलं, मावशींच्या बोलण्यात.

११ नोव्हेंबर

कंपनीत आता काम नाहीच, खोकी भरणं चालू आहे. संध्याकाळी दाजींकडे.

मशीन पेटीतून सोडवलं. पितळेच्या दोन पट्ट्या, मध्ये चाकं. पट्ट्या जाड पत्र्यातून कापलेल्या, मधे मोठमोठी खिडक्यांसारखी भोकं. मी बोलले, "दाजी, हे तर आमच्या प्रेस शॉपसारखं काम आहे."

ते खूश झाले. "तेच तर जेरोमचं डोकं! त्याच्या आधी तिकडे चाकं लाकडाची करायचे. स्वस्त पडायची, पण जहाजातून नेली की दमट हवेने फुगायची. ह्याने पितळेचा पत्रा घेतला आणि ठोकून चाकं पाडली. हजारोंनी. इतकी स्वस्त की इंग्लंडला माल पाठवला तेव्हा तिथल्या कस्टमवाल्यांना वाटलं, हा खोटी किंमत लावतोय. म्हणून त्यांनी त्याच किमतीला सगळा माल स्वतः विकत घेऊन टाकला, याला धडा शिकवायला. याने काय केलं असेल?"

"काय?"

"दुसरं जहाज पाठवलं!"

दोघं एवढे हसलो की इस्त्रीवाला डोकावून गेला.

"मग मोठा शेठ झाला असेल."

"झाला. आणि बुडालाही. दुसऱ्याच्या कंपनीत आपली कंपनी मिसळली आणि सगळं गेलं. म्हातारपणी दुसऱ्यांच्या कारखान्यांत नोकरी करत हिंडला. घड्याळांच्याच."

घरी येताना तेच डोक्यात. कंपनी गेली तरी त्याला घड्याळं येत होती, ती कोण काढून घेणार?

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा दिवस. टर्निंगचे हरिहरकाका सकाळीच म्हणाले, "लेथ दुपारी ट्रकवर चढणार. तुझं ते काय वजन करायचंय ते आत्ता बोल." मी जुनं वजन पिशवीत घेऊनच गेलेले. चौकोनी लोखंड, दीड किलोच्या आसपास. काकांनी बारमधून तुकडा कापला, मिलिंगवर कडा मारल्या, वर हुक बसवायला भोक पाडून आटे दिले. मग वजन करायला घेतलं तर स्टोअरचा काटा आधीच पॅक! कँटीनमधल्या मामांचा तराजू आणला. एका पारड्यात खाडीतून वाचलेलं, दुसऱ्यात काकांचं. आमची सगळी असेंब्ली लाइन भोवती उभी. काका कानशीने दोन हात मारायचे, परत ठेवायचे. तराजू बरोब्बर आडवा झाला तेव्हा टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी, जसं काही रॉकेट सोडलं.

त्या युनिटमध्ये बनलेली शेवटची वस्तू घड्याळाचं वजन होती. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

२१ नोव्हेंबर

मधले दिवस भोकांत गेले. पट्ट्यांमध्ये चाकांची टोकं फिरून फिरून भोकं लांबट झालीत, तिथे पितळेच्या इवल्या नळ्या, बुश, ठोकून बसवायच्या. कुठलं भोक खराब हे दाजी नखाने सांगतात. डोळे मिटून पट्टीवर नख फिरवतात आणि थांबतात, "हे." मी भिंगातून बघते तर खरंच तेच. मला भिंग लागतं, त्यांना नाही.

कानाचं तर काय सांगावं. ठोक्याचं चाक फिरवताना मला नुसती करकर ऐकू येते. ते म्हणतात, "सातव्या दात्याला काहीतरी आहे." सातव्या दात्याला गंज होता.

सान्वीने आज विचारलं, "आई, तू हल्ली सगळं मोठ्याने का बोलतेस?" मी कुकरसमोर उभी राहून म्हणत होते म्हणे: शिटी किंचित डावीकडे कललेली, रबर कडक, कडेला पांढरा थर.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, पूजा करून मगच गेले.

दाजींचा मुलगा यज्ञेश डबा द्यायला आलेला. ते दोघं टिटवाळ्याला राहतात. तो अगदी समोर येऊन उभा राहिला तरी दाजी कामात गढलेले. तो "दाजी" बोलला तेव्हा मान वर केली. एवढी एकाग्रता मला कधी येणार?

जाताना यज्ञेशने मला बाजूला घेतलं. "तुम्ही असता ना रोज? बरं वाटतं. मला तर हे दुकान बंदच करायचं होतं." मला राग आला. पन्नास वर्षांचं दुकान, बापाला करमतं, बंद कशाला करायचं? पण बोलले नाही. उपवास होता.

४ डिसेंबर

चाललं!

दुकानातच खुंटीला टांगलं, तात्पुरती सुतळी लावून दोन्ही वजनं चढवली, पेंडुलमला बोट लावलं. पहिले दोनदा थांबलं. एस्केप व्हील, म्हणजे झोक्यागणिक एकेक दाता पुढे सरकणारं चाक, त्यावरच्या घोड्याच्या नालासारख्या तुकड्याला घासून खड्डे पडलेले, तो मी परवा पॉलिश केलेला, त्याला केसभर खाली वाकवला. तिसऱ्यांदा चाललं आणि चालतच राहिलं. मी तोंडावर हात ठेवून उभी. दाजी मान तिरकी करून ऐकत होते, गाणं ऐकावं तसे.

मग म्हणाले, "आता पेटी पूस. पण खालच्या काचेवर चित्र असेल हां, मागून रंगवलेलं. जेरोमच्या पेट्यांना असतं, घरं नाहीतर जहाजं. पाणी लावू नकोस, रंग निघतो."

मी हसले. चित्र कुठलं, लक्ष्मीचं कॅलेंडर! मला वाटलं, लक्ष आहे का बघताहेत. मी पण बोलले, "नाही लावत."

९ डिसेंबर, मंगळवार

आज सगळं वाईट झालं.

घड्याळ घेऊन ठाण्याला गेलो, दाजी आणि मी. मावशींची खोली नवी रंगवलेली, खाली चकचकीत पांढरी लादी. टेबलं यायची होती. खुंटी काढून तिथे जाड लोखंडी हुक ठोकलेला. मी पेटी धरून उभी राहिले. नवी दोरी मी कालच आणलेली, चांगली विणलेली. वजनाच्या हुकाला गाठ मारायची वेळ आली तेव्हा मी बोलले, "मी मारते." दाजी म्हणाले, "नको, ही माझ्या गुरूंची गाठ आहे, ती सुटत नाही."

त्यांनी मारली. वजन वर चढवलं. मी चावी दिली. पाच मिनिटं टिकटिक झाली, मावशींनी हात जोडले, आणि काडकन आवाज झाला. हरिहरकाकांचं वजन पेटीचा तळ फोडून, खालची काच घेऊन लादीवर. मावशींचं पाऊल चार बोटं बाजूला होतं.

 मी दोरी उचलली. दोरी अख्खी होती. गाठीचं टोक हुकातून गेलेलंच नव्हतं, बाजूने गेलेलं.

दाजी म्हणाले, "दोरी कुजकी आणलीस तू."

मी दोरी त्यांच्यापुढे धरली. "बघा ना. कुठे कुजलीय?"

त्यांनी बघितलंही नाही. "मला शिकवू नकोस," म्हणाले.

मावशी लादीची खपली उचलून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. मी ठान्याचे दुकानवाल्याला फोन करतंय. बॅटरी तं बॅटरी."

परत आल्यावर दाजींना दुकानापाशी सोडून सरळ घरी आले. एवढं शिकवलं त्यांनी, आणि एक चूक त्यांना कबूल करता आली नाही.

१० डिसेंबर

भिवंडीला हो सांगितलं. प्रणितने विचारलं, "नक्की?" मी बोलले, "त्यात नक्की काय असतं?" सोमवारी जॉइनिंग.

१३ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी बेल वाजली. दारात यज्ञेश.

"दाजी चार दिवस दुकानात गेले नाहीत. जेवत नाहीत धड. ठाण्याला काय झालं ते सांगत नाहीत."

मी सगळं सांगितलं, दोरीचं सांगताना आवाज चढला माझा.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण तुम्हाला तर माहीतच असेल ना? रोज शेजारी बसता."

"काय?"

"काचबिंदू आहे त्यांना. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेही धूसर. मला वाटलं, त्यांनी तुम्हाला सांगितलंय, म्हणून तर तुम्ही त्यांचं सगळं बघता."

मी त्याला पाणी द्यायचंही विसरले.

तो गेल्यावर हे रजिस्टर उघडलं आणि पहिल्यापासून वाचलं. स्क्रू. दिवा. मोठ्याने सांग. नख. काचेवरचं चित्र. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. अकरा वर्षं इन्स्पेक्शनचे शेरे मारणारी बाई मी! समोरच्या माणसाचे डोळे तपासता आले नाहीत.

राग गेला असं नाही. दोरी कुजकी म्हणाले ते म्हणालेच. पण राग आता नीट एका जागी बसत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

टिटवाळ्याला गेले. दाजी बाल्कनीत बसलेले. मी आत शिरून काही बोलायच्या आत म्हणाले, "दक्षता." चपलेच्या आवाजावरून ओळखलं मला.

मी समोर बसले. "का नाही सांगितलंत?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू पहिल्या दिवसापासून माझा हात धरून फिरवलं असतंस. शिकली नसतीस. आणि दुसरं खरं सांगू? आधी मी तुला शिकवायला नाही बोलावलं. त्या दिवशी स्क्रू सापडला आणि मला वाटलं, हे डोळे चार महिने उसने मिळाले तर चार महिने दुकान चालेल. एवढाच विचार केला मी. स्वतःपुरता."

"आणि दोरी?"

"दोरी चांगली होती." त्यांचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले. "गाठ मारताना मला हुक दिसला नाही. पडल्यावर घाबरलो. त्या बाईचा पाय गेला असता. आणि तोंडातून तुझं नाव गेलं. ते बाहेर पडलं आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मला वाटलेलं, मी खूप काही बोलेन. बोलले एवढंच: "मावशींना हे तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि इथून पुढे गाठ मी मारणार."

"इथून पुढे?" ते म्हणाले. "तुझं उद्या जॉइनिंग ना?"

यज्ञेशला सगळंच कळवलेलं दिसतंय मी.

घरी आल्यावर प्रणितला विचारलं नाही, सांगितलं, की उद्या मी जात नाहीये. तयारी भांडणाची होती. तो मोजे काढत होता. म्हणाला, "दीड महिना झाला, तू घरी आलीस की चाकांबद्दल बोलतेस. गेजबद्दल अकरा वर्षांत कधी बोललीस? मित्राला मी सांगतो. जूनपर्यंत बघ. नाहीच जमलं तर मग बघू." मग जरा थांबून, "पण घरात कुकरचं वर्णन बंद कर."

१६ डिसेंबर

दाजींना घेऊन कोळीवाड्यात. मी दारातच थांबले. ते भिंतीला हात लावत आत गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, त्या दिवशी वजन माझ्या हातून पडलं. मला दिसत नाही. दोरीला मी उगाच दोष दिला, आणि या मुलीलाही."

मला वाटलेलं, मावशी विरघळतील. कुठलं काय.

"दिसत नाय तं पयला सांगाचा ना! माजा पाय गेला असता. माजी लादी फुटली, नवी! घऱ्याल बंद परला व्हता पन सवता तरी उभा व्हता, तुमी त्याचा तल फोरलाव!" पाच मिनिटं चालू होतं. दाजी मान खाली घालून ऐकत होते. मग त्या एकदम थांबल्या. "जेवलाव का?"

"नाही."

"बशा."

बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. दाजींनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या.

"दुकानवाला शुक्करवारी येनार हाय बॅटरी घेऊन," मावशी हात पुसत म्हणाल्या. "त्याला नको सांगतंय. पन एकवीस तारखेला ठोका नाय परला तं मी घऱ्याल खारीन टाकीन. वजनाचे बाजूला."

१९ डिसेंबर

तीन दिवस लाकडात. पेटीच्या तळाला सागाची नवी फळी, आमच्या बिल्डिंगमधल्या सुताराकडून, आणि त्यावर मी जाड रबर बसवलं, पुन्हा पडलंच तर. खाली काच साधीच. मावशींनी कॅलेंडर नको म्हटलं. "आतला दिसूदे लोकांना, कसा चालतंय."

आज परत टांगलं. दोरी ओवली, गाठ मी मारली. दाजींनी बोटांनी ती चाचपून बघितली, दोनदा. वजनं लटकवली, पेंडुलमला धक्का दिला. चाललं, पण लंगडत. टिक, टॉकटिक, टॉकटिक. कोळीवाड्यातली जुनी भिंत, कुठे ओळंब्यात आहे! दर वेळी थोडा वेळ चालून थांबायचं.

"मला काय दिसतंय ते सांगते," मी बोलले. "पेंडुलम उजवीकडे जास्त जातोय."

"आणि मला काय ऐकू येतंय ते मी सांगतो," दाजी म्हणाले. खुर्ची ओढून भिंतीजवळ बसले, तळहात पेटीला टेकवून. "ती पेंडुलम ढकलणारी तार आहे ना, ती डावीकडे वाकव. किंचित. किंचित म्हटलं! परत. आता सोड. नाही. अजून तांदळाच्या कणीएवढी."

मावशी ओट्यावर मसाला भाजत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आवाज होतो म्हणून. शेजारची पोरं दारात गोळा झाली, त्यांनाही गप्प केलं. मी सोडलं. टिक. टॉक. टिक. टॉक. दोन्हींत सारखंच अंतर.

दाजी हात काढून घेईनात. बराच वेळ झाला तरी तसेच.

२१ डिसेंबर, रविवार

खानावळ उघडली. दारात झेंडूचं तोरण, आत सहा टेबलं, त्यातली दोन अजून प्लास्टिकमध्ये. प्रणित, सान्वी, यज्ञेश, हरिहरकाका, सगळे आलेले. काकांनी आपलं वजन काचेतून सान्वीला तीनदा दाखवलं. फुटलेल्या लादीवर मावशींनी कुंडी ठेवलीय.

बाराच्या ठोक्याला पहिलं ताट वाढायचं ठरलेलं. काटे जुळले, आतून खरखर झाली, सगळे उभे राहिले. टण्ण, टण्ण... सगळे मोजत होते. सातवर थांबलं.

मी दाजींकडे बघितलं. 

दाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "जेरोमच्या घड्याळाचा हाच स्वभाव! काट्यांकडे बघत नाही, आपले ठोके आपण मोजतं. याला रोज चावी लागते, कुणीतरी मध्ये संपू दिली असेल."

मावशी म्हणाल्या, "काल मसाल्याचे गरबरीन इसरले."

मी स्टुलावर चढले, आतली तार उचलून त्याला आठ वाजवायला लावलं, मग नऊ, दहा, अकरा. लोक हसत मोजत होते. शेवटी बारा. सगळ्या खोलीने एका आवाजात मोजले, आणि मावशींनी पहिलं ताट उचललं आणि दाजींपुढे ठेवलं. "सुरमई उजव्या हाताला हाय," त्या म्हणाल्या. "कोलंबी डावीकरं. काटा मी कारलाय."

५ जानेवारी २०२६, सोमवार

आज मी साडेनऊला दुकान उघडलं. कल्याणहून एक गृहस्थ रंगीत टॉवेलमध्ये घड्याळ गुंडाळून आलेले, जनीमावशींकडे जेवले तेव्हा बघितलं म्हणाले. त्यांचंही दोन वजनांचं, पण वजनं दोन्ही आहेत, दोऱ्याच नाहीत. मी टॉवेल सोडवत होते तेवढ्यात रिक्षा थांबली. दाजी उतरले. शर्ट कडक इस्त्रीचा, हातात पांढरी काठी. यज्ञेशने ती गेल्या वर्षी आणलेली म्हणे, कपाटात पडून होती.

इस्त्रीवाल्याने बघितलं. कल्याणच्या गृहस्थांनीही बघितलं आणि नजर वळवली. दाजी जिन्यापाशी येऊन उभे राहिले. आजवर ते तिथे भिंतीला हात लावून, कुणाशी तरी बोलत असल्यासारखं दाखवत, पाय चाचपत उतरायचे. मी ते शंभर वेळा पाहिलंय.

आज ते थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दक्षता, पायऱ्या किती आहेत गं?"

"दोन, दाजी," मी आतून सांगितलं. "पहिली जरा उंच आहे."